पिवळी बाटल, साबुदाणा आणि मन न लागणं

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ डॉक्टरबाईंनी केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना पुनरावृत्ती गाळली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या बाया, आणि मागं दाराशी उभे असलेले भाऊ. भाऊ, पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आज मी सुई आणलेली नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय 'जीवनसत्त्वे, आहार आणि नैराश्य'. मला पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली. बेचाळीस डिग्रीत तुम्ही माझ्या अंगावर शाल घातली. तिचा मी मान ठेवते, पण ती आता खुर्चीच्या पाठीवर ठेवते. पाच गोष्टींबद्दल बोलायचं मी कबूल केलंय: बी-१२, फोलेट म्हणजे आपलं फॉलिक ॲसिड, लोह, ड जीवनसत्त्व आणि जवसातलं ओमेगा-३ नावाचं स्निग्ध. या पाचांचा मनाशी संबंध किती, त्याला पुरावा किती, आणि औषधाच्या दुकानात सांगतात त्यातलं खरं किती. ते सगळं सांगणार आहे. पण त्याआधी माझी एक तक्रार आहे. ती ऐकायला माझ्या घरी आता कोणी तयार नसतं, तुम्ही तयार दिसता.

तक्रार बाटलीची आहे. हसू नका, ती बाटली नाही. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि ती किती आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी सलाईनच्या बाटलीबद्दल बोलतेय.

दवाखान्यात जोडपं येतं. बाई खाली मान घालून बसते, बोलतो तो. "मॅडम, हिले लय कमजोरी हाये. एक बाटल लावून द्या न." काय होतं म्हणून मी बाईला विचारते, उत्तर नवरा देतो. "निस्ती पडून राह्यते. कामात मन नाई, पोट्ट्यायवर खेकसते. राती झोप नाई म्हणते आन् दिवसा उठत नाई." बरं, काल दिवसभरात काय काय जेवलात ताई? हा प्रश्न विचारला की दोघंही माझ्याकडं असे बघतात, जणू मी त्यांची जात विचारली. सुई मागायला आलेल्या माणसाला जेवण विचारणं म्हणजे अपमान. मग मी वजन करते, जीभ पाहते, पापणी ओढून पाहते, पायाला मुंग्या येतात का विचारते, आणि रक्त तपासायची चिठ्ठी लिहून देते. नवरा चिठ्ठी घडी करून खिशात घालतो आणि बाहेर पडता पडता म्हणतो, "एवढ्या दूर आलो, सुईबी नाई देल्ली." पुढच्या चौकात जाऊन बाटल लावून घेतात. तिथं कोणी काही विचारत नाही.

आता त्या बाटलीत काय असतं ते एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकते. अर्धा लिटर पाणी. पाच टक्के डेक्स्ट्रोजची असेल तर त्यात पंचवीस ग्रॅम साखर. म्हणजे शंभरेक कॅलरी. ज्वारीची एक भाकर तुम्हाला त्याहून जास्त देते आणि ती शिरेत टोचावी लागत नाही. नुसत्या मिठाची असेल तर अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. उलट्या-जुलाबानं सुकलेल्या माणसाला, उन्हात पडलेल्याला ही बाटली जीवदान देते, तिच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण 'कमजोरी' म्हणून लावतात तेव्हा तिच्यात एक कुपी टोचतात आणि बाटली पिवळी होते. तो पिवळा रंग बी-२ चा, रायबोफ्लेविनचा. बाईला रंग दिसतो, नवऱ्याला रंग दिसतो, तीनशे रुपये वसूल झाल्यासारखं वाटतं. शरीराला लागेल तेवढं ते घेतं, उरलेलं मूत्रपिंड बाहेर काढून टाकतं. संध्याकाळी लघवीसुद्धा पिवळीजर्द होते. ती पाहून घरचे म्हणतात, गरमी निघाली.

अशीच एक बाई माझ्याकडं आली होती. गाव सांगत नाही, ओळखाल. चाळिशीतली. माळकरी घर, अंडं-मटण घरात येत नाही. कोरडवाहू शेती, कपाशीत तुरीचे तास. एक म्हैस. दर आठवड्याच्या बाजारी ती एक पिवळी बाटल लावून घ्यायची. मी विचारलं, बरं वाटतं का त्यानं? म्हणाली, "दोन दिवस लय बरं वाट्टे मॅडम." मला ते पटेना. त्या बाटलीत दोन दिवस पुरेल असं काहीच नाही. मग मी खोदून खोदून विचारलं, की बाटल लागते तेव्हा तुम्ही काय करता? म्हणाली, काय करणार, पडून राहते. किती वेळ? दोन-अडीच तास. सोबत कोण असतं? नवरा असतो, बाजूला बसतो. पंखा असतो. सासू घरी असते. कोणी पाणी मागत नाही, कोणी चहा मागत नाही. एकदा नवऱ्यानं बाहेरून केळी आणून दिली होती. हे सांगताना ती बाई लाजली हो.

म्हणजे औषध काय होतं? अडीच तास आडवं पडायची परवानगी, बाजूला बसलेला नवरा आणि दोन केळी. घरात ती दुपारी पाच मिनिटं पडली तरी आळशी ठरते. हातात सुई खुपसलेली असली की तीच बाई आजारी ठरते. त्या चौकातल्या माणसानं तीनशे रुपये घेतले, पण आराम खरा दिला, हे मला कबूल करावं लागतं. तेव्हापासून काही घरच्या लोकांना मी लिहून देते: रोज दुपारी एक तास झोप, डॉक्टरांचा आदेश. कागदावर शिक्का मारून देते. शिक्क्याला लोक मानतात.

पुढं ऐका. तिची जीभ गुळगुळीत लाल झालेली होती, तिखट लागलं की आग व्हायची. तळपायाला मुंग्या. चुलीवर दूध ठेवलेलं विसरायची. बी-१२ तपासलं तर शंभरच्याही खाली. दोनशेच्या वर तरी असायला हवं. आठवडी बाजारच्या त्या सगळ्या पिवळ्या बाटल्यांमध्ये तिला नेमकं हवं होतं ते नव्हतंच.

बी-१२ झाडपाल्यात नसतं. पालकात नाही, शेवग्यात नाही, मोबाइलवर फिरणाऱ्या त्या हिरव्या रसात तर नाहीच. ते जिवाणू तयार करतात. गाई-म्हशीच्या पोटात तो कारखाना चालतो आणि तिथून ते दुधात, मांसात उतरतं. कोंबडीच्या अंड्यात असतं, माशात असतं. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं किती? अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतकं. शंभर मिली दुधात मिळतं अर्ध्या मायक्रोग्रॅमहून थोडं कमी. माळकरी माणसानं रोज पेला-दीड पेला दूध, वर वाटीभर दही घेतलं तर तो गरजेच्या बराच जवळ जातो. या बाईच्या घरी म्हैस होती म्हणून मी खूश झाले. पण सकाळचं दूध डेअरीवर, संध्याकाळचं दूध डेअरीवर. घरात राहतं चहापुरतं. तिच्या वाट्याला तीन कप चहा, त्यात मिळून शंभर मिली दूध नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "दूध हायच न घरी, पेत काहून नाई?" पिणार कशी? डेअरीचं पुस्तक त्याच्या खिशात.

शिवाय ती रोज सकाळी अनशापोटी गॅसची गोळी घ्यायची, दोन-तीन वर्षांपासून. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ती गोळी नेमकं आम्लच कमी करते. तुमच्यापैकी ज्यांना मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे त्यांचंही बी-१२ हळूहळू उतरू शकतं. यातलं काहीही आपल्या मनानं बंद करू नका, पण वर्षातून एकदा तपासायला सांगा.

बी-१२ च्या लाल सुईची गोष्ट मला फार आवडते, वेळ असो नसो, ती सांगते. पूर्वी एक पांडुरोग होता, माणूस पांढराफटक पडायचा, वेड्यासारखा वागायचा आणि हमखास मरायचा. १९२६ साली अमेरिकेत मिनो आणि मर्फी या दोघांनी दाखवलं की अशा माणसाला रोज पाव किलोपर्यंत कलेजी खाऊ घातली तर तो उठून बसतो. अर्धवट शिजवलेली कलेजी, रोज. काही रोगी म्हणत असतील, त्यापेक्षा मेलेलं बरं. १९३४ साली त्यांना नोबेल मिळालं. कलेजीत नेमकं काय आहे ते सापडायला १९४८ उजाडलं, आणि त्या रेणूची रचना डोरोथी हॉजकिन या बाईनं १९५६ मध्ये उलगडली. त्यात मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू असतो, म्हणून सुई लाल दिसते. ताकदीचा रंग नाही तो, कोबाल्टचा आहे.

आणि दुसरी बाई, लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर. ती तर आपल्या मुंबईत आली होती, १९२८ च्या सुमाराला. मुंबईच्या गिरण्यांतल्या गरोदर बायकांना एक वेगळाच पांडुरोग व्हायचा आणि त्या बाळंतपणात जायच्या. हिनं त्या काय खातात ते पाहिलं. पाहा, जेवण विचारलं! यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त, काळा, खारट लेप तिनं खायला दिला आणि बायका सुधारल्या. १९३१ साली तिनं ते छापलं. त्या लेपातलं तेच पुढं फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. आपल्या आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी गोळी ठेवतात तिच्यात ते लोहासोबत असतं. आशाताई, ती गोळी गिरणीतल्या बायकांच्या रक्तातून आली आहे. पुढच्या वेळी कोणी ती उकिरड्यावर फेकली तर हे सांगा.

हं, तर आपली बाई. तिला सुया दिल्या, मग गोळ्या. एक सांगते, नुसती कमतरता असेल तर रोज हजार मायक्रोग्रॅमची साधी गोळीसुद्धा बहुतेकांना पुरते, कारण त्यातला एक टक्का तर आपोआप शोषला जातोच. नसांवर परिणाम झाला असेल तर आधी सुया. दोन-अडीच महिन्यांत तिच्या मुंग्या कमी झाल्या, जिभेची आग गेली, दूध उतू जायचं थांबलं. आता तुम्हाला वाटेल मी म्हणणार, आणि ती बाई हसायला लागली. नाही. ती निम्मीच सुधारली. सकाळी अजून उठवत नव्हतं, जगून काय करायचं हे अजून डोक्यात यायचं. मग तिनं सांगितलं, की पोरीच्या लग्नाचं कर्ज, दोन वर्षं कापसाला भाव नाही, आणि नवरा रात्री वावरात जाऊन बसतो, त्याची भीती. याला बी-१२ नाही. याला बोलणं लागलं, जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशक लागला, उदासीवरची गोळी लागली, आणि नवऱ्यालाही बोलवावं लागलं. मग ती सावरली.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कुठंही गेले तरी बोलते. मन लागत नाही म्हणून जो माणूस येतो त्याला दोन्ही विचारा, काय जेवता आणि घरात काय चाललंय. मोठ्या शहरातला मनाचा डॉक्टर दुसरं विचारतो, पहिलं विसरतो. चौकातला बाटलीवाला दोन्ही विचारत नाही. आणि घरचे लोक म्हणतात, बाहेरचं काही असेल, पाहणाऱ्याकडं न्या.

उपासमारीनं मन कसं बिघडतं हे कोणी मुद्दाम करून पाहिलं असेल असं वाटणार नाही, पण पाहिलंय. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं छत्तीस तरुण घेतले. धडधाकट, शिकलेले, स्वतःहून आलेले. युद्धात बंदूक धरायची नाही म्हणून त्यांनी हे पत्करलं होतं. सहा महिने त्यांना दिवसाला साधारण सोळाशे कॅलरीच्या आत जेवण. बटाटे, सलगम, पाव. पाव म्हणजे ब्रेड, पाव किलो नाही. त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांश उतरलं. आणि मन? ही हसती-खेळती पोरं गप्प झाली, चिडकी झाली, एकमेकांना टाळायला लागली, काहींना खोल उदासी आली. पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत बसायची! पोरींत रस राहिला नाही, पाककृतींत राहिला. यांच्यावर कर्ज नव्हतं, सासू नव्हती, पाऊस दगा देत नव्हता. नुसतं पोटाला कमी मिळत होतं.

आता सोळाशे कॅलरी म्हणजे आपल्या किती बायकांचं जेवण, हिशोब करा. त्यात निंदण-खुरपण, डोक्यावर पाणी, आणि वर उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण आला की विचारूच नका. देवावर मी काही बोलत नाही, देव आणि मी आपापली कामं करतो. पण साबुदाण्यावर बोलणार. साबुदाण्यात पुण्य असेल, प्रथिनं नाहीत. शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. निव्वळ पिष्ट. त्या खिचडीत जीव आहे तो शेंगदाण्यामुळं, आणि पोरं शेंगदाणे वेचून खातात, आई उरलेला साबुदाणा खाते. उपासाला भगर घ्या, दही घ्या, मूठभर शेंगदाणे जास्त घाला. देवाला चालतं, मी पोथी पाहून सांगतेय.

(सभागृहातून एका काकाजींनी "मॅडम, पूर्वी ज्वारी होती तेव्हा हे रोग नव्हते" असं म्हटलं.)

काकाजी, तुम्ही हे म्हणणार याची मी वाटच पाहत होते. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कण्या, आंबील. माझ्याही तोंडाला पाणी सुटतं. रेशनचा गहू-तांदूळ आला आणि ज्वारी पानातून गेली, त्याचं मलाही वाईट वाटतं. पण पूर्वी सगळं चांगलं होतं असं नाही बरं. पेलाग्रा नावाचा रोग आहे. कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, आणि मन जातं. आधी उदासी, झोप नाही, मग भ्रम. अमेरिकेत मका खाणाऱ्या गरिबांना व्हायचा. तिथं लोक म्हणायचे साथ आहे. गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरला वाटलं जेवणाचा दोष आहे, आणि साथ नाही हे दाखवायला त्यानं १९१६ साली रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, बायकोलाही टोचलं. नवऱ्याच्या संशोधनासाठी बायकांनी काय काय करावं! नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतं म्हणून ते होतं, हे १९३७ मध्ये कळलं. आणि आपल्याकडं? हैदराबादच्या पोषण संस्थेतल्या डॉक्टर गोपालन यांना १९६० च्या सुमाराला दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या मजुरांतच पेलाग्रा दिसला. ज्वारीच्या प्रथिनातल्या ल्युसीन नावाच्या घटकाचा त्यात हात असावा असं त्यांनी मांडलं. त्यावर पुढं वाद झाले, ते सोडा. ज्यांच्या पानात ज्वारी आणि मिरचीचा ठेचा, बस, एवढंच होतं, त्यांना तो व्हायचा. भाकरीसोबत वरण होतं, दूध होतं, शेंगदाणे होते, त्यांना नाही. तेव्हा ज्वारी परत आणा, जरूर आणा, पण तिच्यासोबत वाटीभर घट्ट वरणही आणा. आपल्या वरणात डाळ शोधावी लागते. तूर आपणच पिकवतो, विकतो आणि दिवाळीनंतर किराणा दुकानातून पावशेर विकत आणतो. सोयाबीनचं तर बोलायलाच नको. शंभर ग्रॅमला छत्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिनं असलेलं पीक गावभर, आणि ते खाल्लेलं घर दाखवा...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे. नंतर अध्यक्षीय, नंतर बक्षीस वितरण.' भाऊ, आत्ता कुठं मी विषयावर येत होते. बरं. पाच गोष्टी. भराभर सांगते, लिहून घ्यायचं त्यांनी घ्या.

बी-१२ बद्दल बरंच सांगितलं. एक राहिलं, हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ चांगलं असं समजू नका. १९८८ साली अमेरिकेतल्या लिंडेनबॉम यांनी बी-१२ कमी असल्यानं नसा नि मनाचे त्रास झालेले १४१ रोगी तपासले, त्यातल्या ४० जणांच्या रक्तात पांडुरोगाची खूणच नव्हती. पुण्यात २००६ साली छापलेल्या एका पाहणीत पुरुषांमध्ये ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, आणि त्यात शहरी मध्यमवर्गाची गत गावाहून वाईट होती. मग सगळ्या उदास माणसांना बी-१२ द्यावं का? नाही. ज्याचं पुरेसं आहे त्याला वरून दिल्यानं उदासी जाते असं अभ्यासांत ठळक दिसलेलं नाही. कोरड्या विहिरीत पाणी सोडलं तर कामाला येतं, काठोकाठ भरलेल्या विहिरीत सोडलं तर वाहून जातं.

फॉलिक ॲसिड. मेंदूत मनाशी संबंधित रसायनं बनवायच्या साखळीत हे आणि बी-१२ जोडीनं काम करतात. उदासीच्या गोळीसोबत हे दिल्यानं काहींना, विशेषतः बायकांना, जास्त फायदा झाल्याचे अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत. महत्त्वाचं हे, की बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलात तर रक्त सुधारतं, नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. म्हणून आधी तपासणी. हिरवा पाला खा, तो फार शिजवून त्याचं पाणी फेकू नका.

लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्क्यांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त. या सतरंजीवरच मोजा. लोह कमी असलं की थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, आणि बाहेरून ते अगदी उदासीसारखं दिसतं. हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात फुकट होतं. गोळी घेतल्यावर आणि जेवल्यावर लगेच चहा नको, तासभर थांबा. वर लिंबू पिळा. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या भावांनो, खर्ऱ्यानं भूक मरते. दुपारचं जेवण खर्ऱ्यावर ढकलता आणि संध्याकाळी बायकोवर ओरडता, त्याला मी कोणतंही जीवनसत्त्व देऊ शकत नाही.

ड जीवनसत्त्व. अमेरिकेत १८,३५३ माणसांना पाच वर्षांच्या आसपास रोज २००० युनिट ड किंवा औषध नसलेली नुसती कोरी गोळी दिली. २०२० मध्ये निकाल आला, उदासी टाळण्यात काहीच फरक नाही. हाडांसाठी, कमतरता असेल तर, ते जरूर घ्या. पण साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक असते, तीही ठरावीक आठवडे. ती रोज खाणारे लोक मी पाहिलेत. रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर येतं.

ओमेगा-३. ते माशाच्या तेलातही असतं. त्याच अभ्यासात माशाच्या तेलानंही उदासी टळली नाही. जवसात आहे त्याचा फारच थोडा भाग शरीर माशातल्या प्रकारात बदलू शकतं. जवसाची चटणी खा, कारण ती चांगली लागते.

गोळ्या सोडून अख्खं जेवण बदललं तर? २०१७ साली ऑस्ट्रेलियात फेलिस जाका यांच्या गटानं ६७ उदास माणसं घेतली. अर्ध्यांना बारा आठवडे आहारतज्ज्ञानं जेवण सुधारायला मदत केली, डाळी, भाज्या, फळं, सुका मेवा, मासे. उरलेल्यांशी कोणी तेवढाच वेळ गप्पा मारल्या. जेवणवाल्यांत ३२ टक्के उदासीतून बाहेर आले, गप्पावाल्यांत ८ टक्के. अभ्यास लहान आहे, आणि आपल्याला काय मिळतंय हे लोकांना ठाऊक होतं, म्हणून मी फार नाचत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचे आधीचे उपचारही चालूच होते. उलट २०१९ मध्ये युरोपात १०२५ माणसांवर जीवनसत्त्वांची मिश्र गोळी करून पाहिली, तिनं उदासी टळली नाही. तेव्हा गोळीपेक्षा जेवणाचं पान मला जास्त भरवशाचं वाटतं. आपल्याकडं ते पान म्हणजे भाकर, घट्ट वरण, पाला भाजी, शेंगदाणे, दही, चालत असेल त्यांना अंडं. आणि ते शेवटी जेवणाऱ्या बाईपर्यंत पोचलं पाहिजे.

दुसरी चिठ्ठी. हो हो, उठते.

शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून उभ्यानंच सांगते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी उदासीवर काम केलं. सुरुवातीला उदास माणसांतले उपचार घेणारे होते ४.३ टक्के, नंतर २७.२ टक्के झाले. म्हणजे गावात हे करता येतं, करून झालंय. कोणाच्या मनात जीव द्यायचं येत असेल तर तिथं बी-१२ च्या रिपोर्टची वाट पाहू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्या. आणि ज्यांना उदासीची गोळी चालू आहे त्यांनी, आज मॅडमनं अंडी नि दही सांगितलं म्हणून ती बंद करायची नाही. गोळीही घ्या, दहीही खा.

डेअरीवाले भाऊ कोण आहेत इथं? कार्यक्रम संपला की थांबा जरा. या गावात घरी किती दूध ठेवतात, ते मला तुमच्या पुस्तकातून पाहायचंय.